खोटं बोलायले नाटक नाही शिकली मी

"नाट्यशास्त्र? मग नाचून दाखव."

रिसेप्शनच्या नोकरीची मुलाखत होती. म्हननारे डॉक्टरसाहेब, दवाखान्याचे मालक. त्यायची बायको बाजूले बसून खुदकन हसली. टेबलावर माह्या पदविकेचा कागद तसाच पडून. मी नाचली नाही, पन गानं म्हनलं. दोन कडवे. नोकरी पायजे होती ना! माहा बाप डफडं वाजवते. लग्नात त्याचं पान मांडवाबाहेर पडते. पोटाले चिमटा काढून त्यानं मले शिकवलं, अन् मी तिथं गाऊन आली. घरी सांगायची लाज वाटली.

काउंटरवर बसली तं साहेब चारचौघात हाक मारत, "ए नौटंकी, चहा सांग." पन पेशंटचे लोक भडकले का हेच साहेब आतून कडी लावत अन् नौटंकीले पुढं करत. नाटकाच्या वर्गात आमच्या बाईनं घोकून घेतलं होतं, पाय रोवून उभी राह्य, श्वास पोटातून घे, समोरच्याचं पुरं आयक, मंग बोल. तेवढ्यावर मी कितीक भांडनं थांबवली. साहेबाले वाटे, पोरीले ॲक्टिंग येते.

एक दिवस पिंपळगाव राजाकडची एक बाई आली. पोट दुखते म्हने. नवरा तिले बाकावर बसवून जुने कागद आनाले घरी गेला. बाई दोन तास बाकावर. मी दोनदा आत जाऊन सांगितलं. साहेब फोनवर प्लॉटचं बोलून राह्यले होते. "बसू दे," म्हनले. बाई बाकावरच लवंडली. आत नेली तवा जीव नव्हता.

साहेबानं मले बोलावलं. "नवरा आला की सांग, आल्या आल्या आत घेतलं, दोन तास इलाज केला. जरा रडून सांग. येतं ना तुला?"

माहं टकुरं असं तापलं! सोंग शिकली म्हंजे खोटं शिकली काय? अरे, स्टेजवर खोटा सूर लागला तं शेवटच्या सतरंजीवरचं पोरगंही हसते. मानसाचं दुख समजून घ्यायले शिकलो आमी. ते झाकायले नाही.

"मी नाही सांगनार हे," मी म्हनलं.

"मग उद्यापासून येऊ नको. जा, बापासोबत डफडं वाजव."

"वाजवीन. त्यात चोरी नाही."

नवरा आला. हातात कागदायची पिशवी. मी काउंटर सोडून त्याच्यापाशी गेली. "भाऊ, बसा. ताई गेल्या. दोन तास बाकावर होत्या. मी दोनदा सांगितलं, कोनी आत नेलं नाही." आवाज चढवला नाही, तरी रांगेतल्या समद्यायनं आयकलं. तो मानूस त्याच बाकावर बसला. मंग त्यानं इचारलं, "हे लिहून देसान काय?"

लिहून देलं. खाली सही केली.

तो कागद लावून त्यानं तक्रार केली, आता साहेबाची चौकशी लागली. साहेबाचे लोक दोनदा घरी येऊन गेले. "पोरीचं लग्न व्हायचं हाय," असं बापाले समजावून गेले. बाप भेला. मलेही भेव वाटते, काऊन खोटं सांगू? पन मी चौकशीले जानार. साहेबाच्या समोर उभी राहून त्या बाईचे दोन तास मिनिटामिनिटानं सांगनार. माहं तोंड दाबाले कोन येते, येऊ दे.