सात पिढ्यांचा कुत्रा

रक्त कधी खोटं बोलत नाही, या सिद्धांतासाठी आयुष्य वेचणारा एकच पुरुष कर्जतमध्ये होऊन गेला, आणि तो आमच्या शेजारी वकिली करत असे. वकीलसाहेब समोरच्या माणसाकडे पाहत नसत. त्याच्या आज्याकडे पाहत. कडावच्या दूधवाल्याच्या दुधात पाणी सापडलं तेव्हा त्यांनी आजा काय करायचा, एवढंच विचारलं. "आजा पन दूधच घालायचा, सायेब." "म्हणजे पाणी तीन पिढ्यांचं आहे," साहेब समाधानाने म्हणाले आणि रतीब चालू ठेवला.

रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी बुलटेरियरचं पिल्लू घेतलं, सात पिढ्यांच्या लेखी वंशावळीसकट. सातही पूर्वज चावरे होते म्हणे. पण पिल्लू वाढलं ते काकूंच्या, म्हणजे साहेबांच्या कुटुंबाच्या, राज्यात. काकू सोवळं नेसून ओटीवर आल्या की हातात फुंकणी असे. "हो रे बाजूला," एवढं ऐकलं की त्याने उठावं आणि भिंतीकडे तोंड करून बसावं. वरणभातावर पोसलेला हा वीर वर्षभरात पोस्टमनला, गाईला आणि परसातलं तांब्याचं घंगाळ घेऊन निघालेल्या चोरालाही तशीच वाट देऊ लागला. "रक्त विश्रांती घेतंय," साहेब म्हणाले.

डोंगराखालच्या ठाकरवाडीत एका म्हातारीचा काळ्या नावाचा कुत्रा होता. त्याच्या वंशाची चौकशी करायला साहेब थेट तिच्या नाचणीच्या शेतात शिरले, आणि काळ्याने त्यांची पोटरी धरली. साहेबांनी मामलेदारांकडे अर्ज केला: रक्त हिंस्र आहे, कुत्र्याला गोळी घालावी. म्हातारी येऊन ओटीखाली बसली.

"डुकरं नाचनी खातात, सायेब. शेतात शिरंल त्याला धर, येवडंच मी त्याला शिकवलंय. त्याच्या रगतात काय नाय. तो गेला तं वरीसभर आमी खावाचं काय?"

"रक्त शिकवून येत नाही, बाई."

"मंग ठेवा पंधरा दिस तुमच्यात. फुडं बगा."

काळ्या राहिला. फुंकणीही होतीच. सोळाव्या दिवशी बंदूकवाला शिपाई घेऊन मामलेदार स्वतः ओटीवर चढले, तर दोन्ही कुत्रे उठले आणि भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसले.

"यातला चावरा कोणता?" मामलेदारांनी विचारलं.

साहेबांनी दोन्ही कुत्र्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, "अर्ज मागे घेतो. काळ्याच्या आईकडून कोणीतरी विलायती असावं."

काळ्या वाचला. पण वाडीवर परतल्यावर तो डुकरांनाही अदबीने वाट देऊ लागला, आणि म्हातारीची निम्मी नाचणी गेली. हे साहेबांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडीतून दोन मण भात वाडीवर पाठवला, आणि पुढे स्वतः हयात असेपर्यंत दर सुगीला पाठवत राहिले. कारण विचारलं तर म्हणत, "तिच्या घराण्याशी आमचे पिढ्यानपिढ्यांचे संबंध आहेत."

ते गेल्यावर मी चौकशी केली. तसे काहीही संबंध नव्हते.