उस्तादांच्या गेमचा शेवट

उस्ताद कुठलाही सिनेमा आधी शेवटून बघायचे. कॅसेट थेट टोकाला न्यायची, शेवटची दोन मिनिटं डोळे भरून बघायची, मग सुरुवातीला यायचं. "मास्तर, शेवट झकास असंल तर मधलं कसंबी असू द्या," म्हणायचे. बीडमध्ये टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करायचे आणि लग्नांचं शूटिंगही. मी शाळेत चित्रकला शिकवायचो.

गावात नुकती केबल आली होती, त्या दिवसांत बसस्टँडपाशी व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. उस्ताद एक डाव खेळले आणि तडक माझ्या घरी आले. "त्यातला गडी गोरा कावून हाय? आपला आपण बनवू. तुमी चितरं काढा, बाकी मी बघतो." झालं! शाळा सुटली की मी धोतरवाला गडी काढत बसायचो, कपिलधारच्या धबधब्यात दगडांवरून उड्या मारणारा. उस्ताद एकेक चित्र कॅमेऱ्यानं टिपायचे आणि करवादायचे, "गडी लंगडतोय. अजून धा चितरं द्या!"

यंत्र बसवलं जुन्या लोखंडी कपाटात. आत दोन व्हीसीआर. वेळेवर बटण दाबलं की पहिल्यावर गडी पुढं जाणार. चुकलं की दुसरा सुरू, गडी पाण्यात! "एक तरी माणूस शेवटाला पोचला पायजे," हाच त्यांचा ध्यास. पण जोडलेला शेवट त्यांनी मलाही दाखवला नाही.

कपिलधारच्या यात्रेत कपाट मांडलं. पहिलाच खेळणारा बटण चुकला, आणि पडद्यावर पाली गावच्या लग्नातली पंगत! घाईत उस्तादांनी भलतीच कॅसेट घातलेली. वरमाई कोपऱ्यात तोंड फिरवून जिलब्या कोंबत होत्या. पालीची मंडळी यात्रेतच होती. "अगं बया, ही तर आपली काकू!" मग काय, रांगच लागली, आणि जो तो मुद्दाम हरायला! उस्ताद कॅसेट बदलायला वाकले तर लोक ओरडले, "राहू दे बे उस्ताद!" हसून हसून मी खालीच बसलो.

उस्तादही हसले. पण परतताना टेम्पोत म्हणाले, "शेवटाला कुनीच गेलं न्हाई, मास्तर." मला फार वाईट वाटलं. पुढं ते पुन्हा लग्नांच्या शूटिंगला लागले आणि कपाट घरात पडून राहिलं.

गेल्या वर्षी उस्ताद गेले. त्यांच्या लेकीनं कपाट दुरुस्त करून माझ्याकडे पाठवलं. आता कॅसेट बरोबर होती. अकरा वेळा पाण्यात पडलो. बाराव्यांदा गडी धबधब्याच्या माथ्यावर चढला, माझी चित्रं संपली, आणि पडद्यावर खुद्द उस्ताद! काळीभोर मिशी, तोंडभर हसू.

"इथवर आलेल्या मानसा, सलाम! ही समदी चितरं आमच्या मास्तरांनी काढलीत. बीडला त्यांच्या घरी जा आन् हात जोडून ये."

मी घरीच होतो. बसल्या जागी हात जोडले, उस्तादांना.