नुकसानीचं कारण

डेस्कवर पंचवीस वर्षं काढली. 'अमुक इमारतीच्या जिन्यात पैंजण वाजतात' छापाच्या कितीतरी बातम्या या हातांनी टोपलीत टाकल्या. बातमीदाराला मी एकच विचारायचो – तू स्वतः पाहिलंस? नाही? मग काढ ते वाक्य.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून 'काय हो, तुम्ही तर मानत नव्हतात' असं म्हणणारे भेटतीलच. मी आजही मानत नाही. जे झालं ते ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने लिहितो आहे, एवढंच. आणि भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये. राग आला म्हणून लिहितोय. तो अजून उतरलेला नाही.

आम्ही लालबागला राहतो. जुनी चाळ पाडून तिथेच टॉवर झाला, त्यात अकराव्या मजल्यावर आमची जागा. हॉल, किचन, एक बेडरूम. घरात तीन माणसं – मी, माझी बायको शुभदा आणि माझे वडील. शुभदा शाळेत शिकवते, सकाळी सातला बाहेर पडते ती दोनला परत. बाबा एक्याऐंशी वर्षांचे. ब्याऐंशीच्या संपाआधी गिरणीत साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. पुढची वर्षं त्यांनी कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून काढली. तब्येत ठणठणीत, डोकं शाबूत, कान थोडे कमी. सकाळी साडेदहाला वाटीभर तांदळाची पेज लागते. खिडकीपाशी खुर्ची टाकून पितात.

कोविडनंतर ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची मुभा दिली आणि सोबत ऑफिसचा लॅपटॉप दिला.

मार्च महिना, मंगळवार. हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवून मी फोन घ्यायला बेडरूममध्ये गेलो. फोन बारा मिनिटं चालला, कॉल-लॉगमध्ये तसं आहे. बाहेर आलो तेव्हा दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. स्क्रीन काळी. कीबोर्डवर पाणी...

पाणी म्हणजे सांडलेलं पाणी नव्हे. न्हावी केसांवर फवारा मारतो ना, तसे बारीक थेंब. सगळ्या कीजवर सारखे. सहा इंचांवर त्या दिवसाचा पेपर पडला होता, तो कोरडा. टेबल कोरडं. हे सगळं मी त्या क्षणी पाहिलं होतं. पाहिलं, पण विचारात घेतलं नाही. कारण खिडकीपाशी बाबा बसले होते आणि त्यांच्या हातात अर्धी झालेली पेजेची वाटी होती.

"बाबा, काय सांडलंत?"

"खय?"

"लॅपटॉपवर. हे काय आहे?"

"मी हात लावूक नाय."

"मग आपोआप आलं का पाणी?"

"ता माका काय ठाऊक? तुझी मशीन, तुका माहीत."

मी लॅपटॉप उलटा केला, टॉवेलवर ठेवला, बॅटरी वेगळी करायचा प्रयत्न केला. हल्ली ती निघत नाही. तोंडाने बडबड चालूच होती. 'या वयात टेबलाजवळ जायचं कशाला', 'झालं तर झालं म्हणा, खोटं कशाला बोलता.' बाबांनी पेज संपवली, वाटी धुवून पालथी घातली.

आमच्या ऑफिसची दुरुस्तीची कामं फणसवाडीत सुर्वे नावाचा माणूस करतो. आठ बाय दहाचं दुकान, एक भिंग, एक टूथब्रश आणि स्पिरिटची बाटली. त्याने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला आणि बोटाने बोर्ड चाचपला.

"साहेब, हे नुसतं पाणी नाय. चिकट आहे."

"चहा?"

"चहा असता तर वास आला असता, मुंग्या आल्या असत्या. हे स्टार्च आहे, तांदळाचं वगैरे." हसला. "पेज सांडली काय? कोकणातले ना तुम्ही?"

तिथेच खटला निकाली निघाला. चिकट पदार्थ, स्टार्च, पेज, बाबा. सुर्वे पुढे म्हणाला, "पण गंमत बघा, वरून सांडलं तर एका बाजूला साचतं. हे बोर्डच्या खालूनपण सारखं लागलंय, धुक्यातनं काढल्यासारखं." मी म्हटलं, बरं, कधी मिळेल? त्याने आठ दिवस सांगितले.

ऑफिसच्या अ‍ॅडमिनने विम्यासाठी फॉर्म पाठवला. नुकसानीचं कारण, जबाबदार व्यक्तीचं नाव, नातं, सही. मी लिहिलं : 'घरातील वृद्ध व्यक्तीच्या हातून पातळ अन्न सांडल्यामुळे.' नाव लिहिलं. नातं – वडील. सही केली आणि पाठवून दिला. चार मिनिटं लागली असतील. एका माणसाच्या सांगण्यावरून, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं बाजूला सारून, कोणी अशी दोन ओळींची बातमी माझ्याकडे आणली असती तर त्याला मी उभा फाडला असता.

संध्याकाळी जेवताना विषय काढला. मीच काढला.

"पेज निघाली आतून. सुर्वेने दाखवली."

"माझी पेज मी पितंय," बाबा म्हणाले. "मशीनीक पाजूक नाय."

शुभदाला हसू आलं. मला आलं नाही. "चेष्टा नकोय. मला ऑफिसला कारण द्यावं लागलं. लिहून दिलंय मी."

बाबांचा घास थांबला. "काय लिवन दिलंस?"

"जे झालं ते."

"माझा नाव?"

"नाव विचारतात त्यात."

"माका इचारलंस?"

"विचारलं की! तुम्ही खोटं बोललात!"

शुभदा म्हणाली, "तू विचारलंस की ठरवून सांगितलंस?" तिला गप्प बस म्हणालो. तेही इथे नोंदवतो.

बाबा उठले, हात धुतले, आणि भिंतीकडे पाहत बोलायला लागले. या गोष्टीबद्दल मी त्यांच्या तोंडून तोपर्यंत एक शब्द ऐकला नव्हता. संप मोडल्यावर गिरणी परत सुरू झाली तेव्हा ते कामावर जायला गेटवर गेले होते. तिथे त्यांच्या नावाची चार्जशीट तयार होती – साच्यांची नासधूस केली म्हणून. ज्या दिवशीचा आरोप होता त्या दिवशी ते गावी होते, आजीच्या बाराव्याला. साहेबाने कागद पुढे केला, चूक झाली असं लिहून सही कर, उद्यापासून कामावर ये. त्यांच्या खात्यातल्या दोघांनी सही केली आणि कामावर गेले. बाबांनी केली नाही.

"तेव्हा सही केलंय असतंय," ते म्हणाले, "तर तुझा शिक्षण काय असा रखडला नसता. तुझ्या आईन लोकांची भांडी घासली नसती. पण मी जा केलंय नाय, ता कागदावर कशाक येऊ देऊ? आणि तू, झिला, एका दिसात..."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ते प्रभादेवीला माझ्या आत्याकडे गेले. मी अडवलं नाही. माझं म्हणणं तोवर कायम होतं, की या सगळ्याचा संबंध काय, पेज तर सांडलीच आहे.

लॅपटॉप आठ दिवसांनी आला. उत्तम चालत होता.

त्यानंतरचा गुरुवार. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी मी लॅपटॉप बंद केला, बॅगेत घातला, बॅग बेडरूममधल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाला चावी लावली. मागच्या अनुभवाने ही सवय लागली होती. घराला कुलूप लावून खाली केमिस्टकडे गेलो. शुभदा शाळेत. बाबा प्रभादेवीला. ते गेल्यापासून घरात पेज शिजलेली नव्हती. पावणेबाराला परत आलो, कपाट उघडलं, बॅग काढली. बॅग कोरडी, आतून आणि बाहेरून. लॅपटॉपचं झाकण उघडलं.

सगळ्या कीजवर थेंब. बारीक, सारखे. आणि फटींमध्ये काहीतरी पांढरं अडकलेलं.

मी किती वेळ तसाच उभा होतो, सांगता येणार नाही. वेळ नोंदवायची राहिली. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

मग जे करता येतं ते सगळं केलं. प्लंबर आणला, त्याने छत आणि भिंती ठोकून पाहिल्या. त्या भिंतीतून एकही पाइप जात नाही. आमच्याकडे एसी नाही. कपाटातले कपडे, कागद, शुभदाची सर्टिफिकेटं, सगळं कोरडं. दुसरी चावी शुभदाच्या पर्समध्ये होती आणि पर्स शाळेत. इमारतीच्या सीसीटीव्हीमध्ये त्या चाळीस मिनिटांत अकराव्या मजल्यावर लिफ्टमधून कोणी उतरलेलं नाही. जिन्याच्या कॅमेऱ्यातही कोणी नाही. आता काही जण म्हणतील, टॉवर गिरणीच्या जमिनीवर असेल, कामगारांचे आत्मे वगैरे. नाही. गिरणीची भिंत रस्त्याच्या पलीकडे होती. आमच्या जागी शंभर वर्षं चाळच होती, आणि त्या चाळीत माझा जन्म झाला. स्वस्तातली गोष्ट जुळवायची असेल तर दुसरीकडे जुळवा.

सुर्वेने लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. "साहेब, परत पेज?"

"वडील घरात नव्हते."

"मग?"

"कपाटात होता. कुलूप होतं."

तो हसला नाही. चिमट्याने लॅपटॉपच्या पंख्यातून कापसाचा एक ओला पुंजका काढला, कागदावर ठेवला. "बोर्डला मागच्यासारखंच चिकट लागलंय. आणि हा कापूस... गादी फाटली काय घरात?"

"आमच्या गाद्या फोमच्या आहेत."

"घेऊन जा मग," म्हणाला आणि पुंजका प्लॅस्टिकच्या पुडीत घालून दिला. एरवी तो जागचा उठत नाही. त्या दिवशी दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला.

तिथून टॅक्सीने थेट प्रभादेवीला गेलो. दार शालूआत्याने उघडलं. "इलंस? पंधरा दिवसांनी वाट गावली वाटता. की आता माझ्याही घरात काय सांडला, ता बघूक इलंस?"

बाबा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. मी माफी मागितली. वाक्य तयार करून गेलो होतो, ते अर्ध्यात तुटलं. त्यांनी रेडिओ बंद केला नाही, आवाज फक्त कमी केला. पुडी त्यांच्या हातात दिली. कुठे सापडलं ते सांगितलं नाही.

त्यांनी पुंजका काढला, अंगठा आणि बोटात धरून ओढला. मग चोळला. मग ओठांना लावला.

"ही पेज न्हय," म्हणाले. "खळ आसा."

गिरणीत विणायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावतात, धागा मागावर तुटू नये म्हणून. हे मला ठाऊक होतं. ते पुढे म्हणाले, साचेखात्यात हवा कोरडी झाली की सूत तुटायचं, म्हणून दिवसभर वरून पाण्याचा बारीक फवारा चालू असायचा. माणसं, साचे, सगळं दमट. सुताचा भुगा उडायचा आणि ओला होऊन जिथे तिथे चिकटायचा. "असोच," ते बोटांकडे पाहत म्हणाले. "खयसून आणलंस?"

मी सांगितलं. लॅपटॉपच्या आतून, कुलूपबंद कपाटातून.

ते दचकले नाहीत. घाबरले नाहीत. आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही, किंवा मला ते ओळखता आलं नाही. पुंजका पुडीत घातला, पुडी मला परत दिली.

"ता काय आसा ता मी सांगूक शकणय नाय. पण मी नाय केलंय, एवढा आता तुका कळला ना?"

"हो, बाबा."

"मग माझा नाव काढ थयसून."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. अ‍ॅडमिनमधल्या मॅडम नम्र आहेत, तो त्यांचा दोष नाही.

"सर, क्लेम सेटल झालाय. बंद झालेला फॉर्म उघडत नाही."

"त्यात चुकीची माहिती आहे. मी दिलेली. दुरुस्त करायचीय."

"मग खरं कारण काय टाकू?"

"माहीत नाही."

"तसा ऑप्शन नाहीये, सर. कारणाचा कॉलम रिकामा राहिला तर सिस्टिम पुढे जात नाही." मग त्यांनी दुसरा कोरा फॉर्म उघडला; लॅपटॉप पुन्हा बिघडल्याचं मी सकाळीच कळवलं होतं. "आणि हे दुसऱ्यांदा झालंय ना? यालाही तेच कारण कॉपी करू का? लवकर होईल."

मी ओरडलो. पंचवीस वर्षांत ऑफिसात पहिल्यांदा. माणसं खुर्च्यांवरून उठून पाहायला लागली. मॅडम रडवेल्या झाल्या आणि मला त्यांचीही माफी मागावी लागली. लेखी पत्र दिलं, त्याची पोच मिळाली. मग दुसरं पत्र दिलं, त्याचीही पोच मिळाली. विमा कंपनीला स्वतंत्र लिहिलं, तिकडून उत्तर आलं की नोंदीनुसार प्रकरण निकाली आहे. माझ्या सहीचा कागद कुठल्या तरी सर्व्हरवर पडून आहे आणि त्यावर माझ्या वडिलांचं नाव आहे. दुसऱ्या वेळचा फॉर्म मी भरलेला नाही. लॅपटॉप सुर्वेच्या फळीवर आहे. नवीन लॅपटॉपसाठी माझा पगार कापा, असं मीच लिहून दिलं.

पाणी कुठून आलं, खळ कुठून आली, माझ्याकडे उत्तर नाही. विज्ञानाच्या एका प्राध्यापकांना पुंजका दाखवला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कापूस आणि स्टार्च सांगितलं, त्यापलीकडे काही नाही. त्यानंतर असं पुन्हा झालेलं नाही. वाचकांपैकी कोणाला खरंच काही ठाऊक असेल तर जरूर कळवा. मात्र शांती करा, नारळ फोडा, असं सांगायला कळवू नका.

बाबा अजून प्रभादेवीलाच आहेत. दर रविवारी मी फोन करतो. तब्येत, जेवण, आत्याची कुरकुर, यातलं काही मला विचारू देत नाहीत. पहिला प्रश्न त्यांचा असतो.

"काढलंस?"

"नाही, बाबा. अजून नाही."

मग ते फोन आत्याच्या हातात देतात.