मागच्या खोलीतून हाक

मागच्या खोलीतून कुणी हाक मारली की आमच्या स्वयंपाकघरात ती स्पष्ट ऐकू येते. मधे एकच भिंत आहे आणि ती कवेलूच्या छतापर्यंत पोचत नाही, वर वीतभर फट आहे. आता त्या खोलीत कुणी राहत नाही. तरी उन्हाळ्याच्या दुपारी भाजी चिरता चिरता माझा हात थांबतो. मी कान देते. मग स्वतःवरच चिडते आणि पुन्हा विळीवर बसते. पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला हे शोभत नाही, पण होतं खरं.

मला नर्स केलं ते आमच्या दवाखान्यातल्या विलायती सिस्टरनं. विशीत बोटीनं आलेली ती बाई चाळीस वर्षं नागपुरातच राहिली. मराठी शिकली ती पेशंटांकडून, त्यामुळे तोंडात अस्सल नागपुरी. पुण्याकडचे कुणी पाहुणे दवाखाना बघायला आले आणि त्यांनी घोटीव इंग्रजीत सुरुवात केली, की ती म्हणायची, "काहून जी, उभे काहून राहिले? बसा नं." पाहुण्यांचे चेहरे बघण्यासाठी आम्ही पोरी दाराआड थांबायचो.

आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. बाबा गिरणीत कामाला होते. पोरगी शिकली पाहिजे, हा त्यांचा एकच हट्ट. ते अचानक गेले आणि माझं शिक्षण सुटायची वेळ आली, तेव्हा ही सिस्टर सायकलरिक्षा करून इंदोऱ्याच्या वस्तीत आमच्या घरी आली. मायसमोर जमिनीवर बसली, बशीत ओतून चहा प्याली आणि मला सोबत घेऊन गेली. पुढं मी नर्स झाले, भावाला भिलाईला नोकरी लागली, तो बायकोला घेऊन तिकडं गेला. त्याची मागची खोली रिकामी झाली. घरात मी आणि माय. माझं लग्न झालं नाही, ते वेगळंच रामायण आहे, इथं नको.

सत्तर सालाच्या आगेमागे सिस्टरच्या निवृत्तीचा कागद आला. मार्चअखेर आवारातला बंगला नव्या सिस्टरसाठी मोकळा करायचा होता. परत गेली तर तिकडं समुद्रकाठी, तिच्यासारख्या परतलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक घर होतं, त्यात एक खाट तिच्या नावानं राखलेली. नाही तर इथंच, जमेल तिथं, स्वतःचं बिऱ्हाड करायचं. कुणाचीही जबरदस्ती नव्हती. "मी कुठं मरू ते ठरवायले मले तीन महिने देले," ती हसत म्हणाली. तिला जायचं नव्हतं. तिकडं ओळखीचं कुणी जिवंत नाही, आणि सुटीवर गेलं की आपलं इंग्रजी ऐकून दुकानातल्या पोरी तोंडाला पदर लावतात, असं ती म्हणायची. तिकडच्या पोरींना पदर कुठून येणार, हे तिच्या लक्षातही यायचं नाही.

मग आम्ही दर रविवारी घरं बघू लागलो.

मला वाटलं होतं, ती मोरी बघेल, पाण्याचं बघेल, भाडेकऱ्यांची चौकशी करेल. नागपुरातल्याच सदर भागात एका दुकानाच्या वर खोली होती. चर्च जवळ, डॉक्टर जवळ, पाव-लोणी मिळण्याची सोय. सिस्टरनं खोलीत पाय ठेवला आणि मला म्हणाली, "तू खाली जाय. जिन्याच्या पायथ्याशी उभी राय. मी बलावलं तं ये." मी खाली जाऊन उभी राहिले. बाजूला सायकलवाला चाक ठोकत होता, रस्त्यावर टांगे, स्कूटर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला काळजी वाटायला लागली म्हणून मी वर गेले, तर ती फरशीवर उताणी पडलेली, डोळे छताकडे. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"वरडू नको वं," ती पडल्या पडल्या म्हणाली. "सात वेळा पाणी मांगतलं. तुले एक वेळाबी नाई आलं ऐकू."

तिची ही रीत होती. घर उभ्यानं बघायचं नाही, असं तिचं म्हणणं. उभं माणूस कुठंही राहतं. शेवटी आपण आडवे होणार, तेव्हा आडवं होऊन बघायचं, छत कसं दिसतं, उजेड डोळ्यावर येतो का, आणि मुख्य म्हणजे पाणी मागितलं तर कुणाला ऐकू जातं का. हाकही ती मोठ्यानं मारायची नाही. जीभ कोरडी पडलेल्या पेशंटचा आवाज चाळीस वर्षं ऐकला होता तिनं, तो हुबेहूब काढायची. "पाणी." त्यात ओरडणं नसे, मागणंही फारसं नसे. वॉर्डात तो आवाज आला की आम्ही खाट नंबर न विचारता धावत असू.

पुढच्या रविवारी बसनं रामटेकला गेलो. गडाच्या पायथ्याशी तिच्या एका जुन्या पेशंटचं घर होतं, मागं धानाची शेतं. त्यांनी पुढची खोली द्यायची कबूल केली होती. सिस्टर आत गेली, आडवी झाली, "पाणी" म्हणाली. मी शेजारच्या अंगणात उभी. मला ऐकू यायच्या आधी तीन बाया तांबे घेऊन धावल्या. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, एक म्हातारा चप्पल न घालताच डॉक्टरला बोलवायला पळाला. सिस्टर ओशाळून उठून बसली आणि तिघींच्या तांब्यांतलं पाणी तिला प्यावं लागलं. मला हसू आवरेना. परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "सिस्टर, हे तं पक्कं झालं. सारं गाव धावते."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मडम पडली म्हणून धावले वं ते. रोज थोडीच धावतीन? मी तिथं मरेपावतर पाहुणी राहीन."

कळमेश्वरलाही जाऊन आलो. आमच्या दवाखान्यातल्या एका आयाबाईनं तिथं घर बांधलं होतं. आजूबाजूला कारखान्यांसाठी जमीन आखून ठेवलेली, खुंट्या ठोकलेल्या, माणूस दिसेना. सिस्टरनं हाक मारली तेव्हा एका बकरीनं मान वर केली आणि पुन्हा चरायला लागली. आयाबाई स्वतः दिवसभर शेतात. आम्ही शेंगा खाल्ल्या आणि निघालो. बस स्टँडवर पहिल्यांदाच मला सिस्टर म्हातारी दिसली. तिनं बाकावर बसताना आधी हातानं बाक चाचपलं.

फेब्रुवारी सरत आला. मला कळत होतं की ती माझ्याकडे बघते आहे. मी नजर टाळत होते. मनातल्या मनात मला ठाऊक होतं, ती काय विचारणार आहे आणि आमची मागची खोली किती रिकामी आहे.

विचारलं तिनं ते चादरींच्या खोलीत. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. चादरीची घडी दोघींनी घालायची असते. चार हातांनी ताणायची, मग चालत जवळ यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. अशी ती माझ्यासमोर आली आणि अगदी सहज म्हणाली, "तुमची मागची खोली तं रिकामीच असन नं, भाऊ गेल्यापासून?"

मी म्हणाले, "नाई सिस्टर. गहू भरला हाय तिथं. पाय ठेवाले जागा नाई."

गहू नव्हता. एक दाणा नव्हता.

का खोटं बोलले, याची पुढं मी स्वतःला खूप कारणं दिली. लोक काय म्हणतील, गोरी बाई वस्तीत, मायवर भार पडेल. सगळी बनवलेली. खरं कारण एवढंच, की मी नर्स होते. म्हातारपण म्हणजे काय ते मला रोज दिसत होतं. पाठीच्या जखमा, ओली चादर, घास भरवणं, भ्रमात काढलेल्या शिव्या. दिवसभर ते करून मी घरी यायचे तेव्हा मला घरात म्हातारपण नको होतं. जिनं मला उभं केलं तिचंसुद्धा नको होतं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

सिस्टरनं माझ्या हातातून चादरीची टोकं घेतली. घडी छातीशी धरून दाबली, कपाटात ठेवली. म्हणाली, "बरं. गहू ओला होऊ देजो नको."

मला सुटल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी मी घरी जाताना जिलबी नेली. मायला सांगितलं, सिस्टर विलायतेला परत जाते. माय भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं, "जाते?" एवढंच म्हणाली. जिलबीला हात लावला नाही.

स्टेशनवर निम्मा दवाखाना लोटला होता. संत्र्यांच्या करंड्या, हार, रडारड. माय आली नाही. "मले नाई येनं," म्हणून सकाळीच धुणं घेऊन बसली. सिस्टर सगळ्यांच्या डोक्यावरून फाटकाकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "तुही माय नाई आली?" मी म्हणाले, तिचे पाय दुखतात. गाडी हलली तेव्हा सिस्टर दारात उभी होती. तिनं हात केला नाही, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली होती.

तिची दोन पत्रं आली, मराठीत. पहिल्यात समुद्राच्या वाऱ्याबद्दल आणि तिथल्या बेचव जेवणाबद्दल होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं, "इथं हर खाटेले घंटीचं बटन हाय. दाबलं का पोरगी येते. हाक मारायचं कामच नाई पडत." खाली मायला नमस्कार. मी ते वाचून दाखवायला लागले तशी माय उठून अंगणात गेली. दीड-दोन वर्षांत तिकडून छापील कार्ड आलं, सिस्टर गेल्याचं. तेही मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे." सिस्टरचं नाव काढलं की मायचा चेहरा असा बंद व्हायचा. ज्या बाईसाठी तिनं कधी काळी कपबशीचा नवा जोड आणला होता, तिच्यावर एवढा राग कशाचा, मला उमगत नव्हतं. मी विचारलंही नाही. तो विषय निघू नये हे माझ्याही सोयीचं होतं.

खोली तशीच राहिली. दोनदा भाडेकरी बघून गेले, दोन्ही वेळा मीच काहीतरी खुसपट काढून नाही म्हटलं. पुढं मी खरोखरच तिथं गहू भरायला लागले. पोतं ठेवायला गेले की जमिनीकडे बघायचे नाही. तिथं कुणीतरी आडवं पडलं आहे असं वाटायचं, छताकडे डोळे लावून.

बारा-तेरा वर्षांनी माय अंगणात घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. पोती बाहेर काढली आणि तिची खाट मागच्या खोलीत टाकली. जे म्हातारपण मला घरात नको होतं ते आलंच, आणि मी ते केलं. त्यात अवघड काही नव्हतं. हे कळल्यावर मला जास्त त्रास झाला.

मे महिन्यातली दुपार होती. दाराला वाळ्याची ताटी लावलेली, मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. पलीकडून आवाज आला, "पाणी." कोरड्या जिभेचा, हळू. तो मायचा वाटलाच नाही मला. कणकेचे हात तसेच घेऊन मी धावले. मग परत येऊन हात धुतले आणि गडवा भरून नेला. मायनं दोन घोट घेतले आणि माझ्या घाबरलेल्या तोंडाकडे बघून हसली.

"इथून बराबर ऐकू जाते," ती म्हणाली. "मडमनं पायलं होतं."

मी विचारलं, कधी पाहिलं.

"तू डिवटीवर होती तवा. आली एक दिवशी, म्हणे खोली दाखवा. मी दाखवली. रिकामीच होती. मंग मले म्हणे, माय, तू सैपाकघरात जाऊन बस. मी बसली. थोड्या वेळानं पाणी म्हणून आवाज आला. मले वाटलं, बाईले तहान लागली. हाच गडवा घेऊन आली तं ते भुईवर पडून. उठली, सारं पाणी पेली अन् मले म्हणे, माय, हेच घर. इथं खाट मावते, इथं पेटी. मी म्हटलं, आजच ये. तं म्हणे नाई, तुह्या पोरीले मी विचारीन, तिचं घर हाय. तू तिले सांगू नको."

मी खाटेच्या कडेला बसले. म्हणजे घड्या घालताना तिला सगळं माहीत होतं. माझ्या हातातून टोकं घेताना, गहू ओला होऊ देऊ नको म्हणताना, तिच्या डोळ्यांसमोर ही झाडून ठेवलेली रिकामी जमीन होती.

"मी तं खोली सारवून ठेवली होती," माय म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी. अन् तू सांगतलं, ते जाते म्हणून. मले लय लागलं वं. असा शब्द देऊन फिरवते का कोणी? काहून नाई आली ते? तुले काही बोलली होती का?"

माय माझ्याकडे बघत होती. ताटीतून वाळ्याचा वास येत होता. सांगून टाकावं असं वाटलं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाई माय," मी म्हणाले. "मले काही नाई बोलली."

"मंग खोटीच निघाली बाई," माय म्हणाली, उरलेलं पाणी प्याली आणि रिकामा गडवा माझ्या हातात दिला. मी तो पुन्हा भरून आणला.