एकच रिंग, आणि उचलायचा नाही

रफूमावशीला फोनवर बोलायचा मनस्वी कंटाळा. तरी एक फोन ती रोज न चुकता करायची, आणि तोही बोलण्यासाठी नाही. दुपारचे चार वाजले की बटणांचा जुना फोन हातात घ्यायचा, ‘मास्तरीणबाई’ हे नाव शोधायचं, हिरवं बटण दाबायचं, पलीकडे एकदा ट्रिंग झालं की लगेच लाल. झालं! पलीकडच्याने उचलायचं नाही, हिने थांबायचं नाही. बघणाऱ्याला वाटावं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण बघायला होतं कोण म्हणा.

ही चर्चच्या मंडळीतली प्रार्थनेची साखळी. जुन्या पाळकांच्या बायकोने सुरू केलेली. प्रत्येकाने दिवसातला अर्धा तास वाटून घ्यायचा, आपापल्या घरी बसून प्रार्थना करायची, आणि आपली वेळ संपली की पुढच्याला एक रिंग द्यायची. म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बसा. शिवाय प्रत्येकाने आपलं एक ओझं पुढच्याला सांगून ठेवायचं, आणि पुढच्याने ते आपलंच समजून रोज देवापुढे मांडायचं. फोन मात्र उचलायचा नाही. हा नियम त्या बाईने फार कडक ठेवला होता. “उचललात की सुरू तुमच्या गप्पा! कोणाची सून काय म्हणाली नि कोणाचा गुडघा धरलाय. आणि तिकडे देव बसेल ताटकळत,” असं ती म्हणायची. मंडळी हसायची, पण नियम पाळायची.

साखळीत रफूमावशीच्या आधी एक गवंडीकाका होते. त्यांचं ओझं म्हणजे त्यांचे डोळे. मावशीने ते डोळे वर्षानुवर्षं प्रार्थनेत वाहिले, आणि एक दिवस गवंडीकाका डोळ्यांसकट निघून गेले. तेव्हापासून मावशीला कुणाची रिंग येत नसे. घड्याळ बघून ती आपली आपण बसायची. हळूहळू सगळी साखळीच झिजली. कोणी वारलं, कोणी गाव सोडलं, कोणाला वेळ होईना. जुने पाळकही बदलून गेले. नवे पाळक तरुण, माणूस सोन्यासारखा, पण त्यांनी फोनवर ग्रुप काढला. तिथे सकाळ झाली की फुलं आणि जोडलेले हात. मावशीच्या फोनमध्ये ते उमटतही नसत. “मावशी, आता साखळी कशाला? ग्रुप आहे की,” पाळक म्हणाले. मावशी “बरं बरं” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चारला मास्तरीणबाईंना रिंग दिली.

मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या तशा नवऱ्याबरोबर दूरच्या गावी राहायला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, “गाव बदललं तरी देव तोच आहे आणि नंबरही तोच आहे. रिंग चुकवू नकोस.” तेवढंच. नंतर ना भेट, ना बोलणं. पण पलीकडे ट्रिंग व्हायचं, म्हणजे बाई आहेत आणि बसल्यात, एवढं मावशीला पुरे होतं.

बाकी तिच्या आयुष्यात पुरण्यासारखं फारसं नव्हतं. लॉन्ड्रीच्या माळ्यावर एक खोली. खाली लॉन्ड्रीत, खिडकीलगत, तिचं स्टूल आणि दिवा. कसर लागलेले कोट, सिगारेटने जळलेल्या पॅंट, खिळ्यात अडकून फाटलेल्या साड्या असं सगळं तिच्याकडे यायचं. आतल्या शिवणीत दडलेल्या कापडातूनच धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत जायचं, की बोट फिरवलं तरी कळू नये. लॉन्ड्रीवाला चेष्टा करायचा, “मावशी, तुमचं काम दिसलं तर पैसे परत द्यावे लागतात आणि नाही दिसलं तर गिऱ्हाईक म्हणतं, इथे भोक होतंच कुठे?” मावशी म्हणायची, “तू इस्त्री बघ, जळेल.” दिवसभरातलं बोलणं पुष्कळदा तेवढंच.

नवरा बसवर कंडक्टर होता. तापट. मुलगा त्याच्याच वळणावर गेलेला, म्हणजे एका घरात दोन आगपेट्या. मुलाने लागलेली नोकरी सोडली, तेव्हा बापाने त्याला जिन्यात, शेजाऱ्यांदेखत मुस्काटात मारली. मुलगा म्हणाला, “आता या घराचं तोंड बघणार नाही.” लोक असं म्हणतात आणि संध्याकाळी जेवायला येतात. हा आला नाही. आई मधे पडली नव्हती. दारात नुसती उभी राहिली होती, हातात सुई धरून. ते त्याने बघितलं असणार, असं तिला वाटायचं. पुढे बाप गेला, तेव्हा निरोप धाडला. मातीलाही मुलगा आला नाही.

तोच मुलगा तिचं ओझं. मास्तरीणबाईंना तिने त्याचं नाव सांगून ठेवलं होतं. मंडळीत कधी उभं राहून देवाची साक्ष द्यायची वेळ आली, की ती मागच्या बाकावरून उठून एकच वाक्य म्हणायची, “देव विश्वासू आहे, तो ऐकतो,” आणि खाली बसायची. पोरंटोरं तिच्याआधीच ते पुटपुटायची. तिला चालायचं.

तर त्या दिवशी काय झालं, की दुपारी जेवून ती पाठ टेकणार, तोच नणंदेचा फोन आला. नणंद थोरली, जिभेला हाड नाही, पण मनाने वाईट नव्हे.

“वहिनी, बसलीयेस ना? तुला सांगू का नको असं झालंय बघ. माझ्या जावयाला तुझा लेक भेटला. दवाखान्यात, रांगेत.”

“दवाखान्यात? काय झालंय त्याला?”

“त्याला काही नाही गं. कडेवर मुलगी होती, तिला लस टोचून घ्यायला आलेला. लग्न होऊन चार वर्षं झाली म्हणे. तुला नात आहे, वहिनी! चांगली चालती-बोलती.”

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “वन्सं, नाव काय तिचं?”

“ते काही जावयाने विचारलं नाही. पुरुषांना कुठली अक्कल! तुझ्याबद्दल सांगायला गेला, तर तो म्हणे उठून दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला.”

फोन ठेवला आणि मावशी खाली जाऊन स्टुलावर बसली. एक राखाडी कोट आला होता, कोपराला भोक. तिने धागा काढला, सुईत ओवला. हात अगदी नीट चालत होते, त्याचाच तिला राग आला. ज्या वर्षी लग्न झालं, त्या वर्षीही ती रोज बसली होती. ज्या दिवशी ती मुलगी जन्माला आली, त्या दिवशीही बसली असणार. डोळे मिटून, ‘प्रभू, माझ्या लेकाला सांभाळ’ म्हणत. आणि त्याने सांभाळलं होतंच की! बायको दिली, लेक दिली. फक्त हिला कुणी सांगितलं नव्हतं. ना मुलाने, ना देवाने.

साडेतीन वाजले. ही तिची बसायची वेळ. मावशीने घड्याळाकडे बघितलं आणि सुई चालूच ठेवली.

“आज मी नाही बसत,” ती पुटपुटली. लॉन्ड्रीवाल्याला वाटलं आपल्याशी बोलतेय. “काय म्हणालात?” “तुला नाही म्हटलं.” मग मनातल्या मनात देवाला पुढे म्हणाली, ‘तुला म्हणतेय. इतकी वर्षं मी तुला रिंग देतेय. तू एकदा तरी उचल की! मंडळीत उभी राहून तुला विश्वासू म्हणते, पोरं हसतात. घरात मेले तर वास सुटेपर्यंत कुणाला कळायचं नाही, आणि मी म्हणते देव ऐकतो. पुरे झालं.’ डोळ्यांत पाणी आलं तसं टाका चुकला. तिने तो उसवला आणि पुन्हा घातला.

चार वाजले. फोन पिशवीत होता, पिशवी खिळ्याला. तिने हात लावला नाही. चार वाजून गेले. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, लॉन्ड्रीवाल्याने चहा मागवला, एक बाई पडदे टाकून गेली. इतकी वर्षं आपण जिला साखळी समजत होतो, ती एका बाजूने सोडली तर साधा खळकन आवाजसुद्धा होत नाही, हे बघून मावशीला इतकं एकटं वाटलं, जितकं नवऱ्याला पोचवून आल्यावरही वाटलं नव्हतं.

तिने कोट गुंडाळला, पिशवी घेतली आणि वर खोलीत आली. दिवा लावायचंही सुचलं नाही. खाटेवर बसली आणि पिशवीत फोन वाजला.

एकदा वाजेल नि थांबेल, असं तिला वाटलं. थांबला नाही. तिने बाहेर काढून बघितला, तर ‘मास्तरीणबाई’. मावशी गोरीमोरी झाली. रिंग चुकवली म्हणून बाईंनी पकडलं होतं. आणि नियम तर नियम, उचलायचा नाही! वाजून वाजून फोन बंद पडला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद पडला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा तिने हिरवं बटण दाबून फोन कानाला लावला आणि घाईघाईने म्हणाली, “बाई, चुकलं माझं, आज जरा...”

“ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?” पुरुषाचा आवाज होता. म्हातारा, घोगरा. “आज रिंग आली नाही.”

“कोण बोलतंय?”

“मी मास्तरीणबाईंचा नवरा. लिफ्टवाला. मला तुम्ही ओळखणार नाही, मी चर्चमध्ये कधी आलोच नाही. मला ते देवबिव कधी जमलं नाही.”

“बाई कुठायत?”

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. “तिला जाऊन दोन वर्षं होतील.”

मावशीचा विश्वास बसेना. “अहो, काय बोलताय? मी रोज रिंग देते!”

“येते की. रोज येते. सांगणार होतो तुम्हाला, खरंच. मग म्हटलं, सांगितलं तर ही बाई थांबेल. म्हणून गप्प राहिलो. चूक केली असेल तर माफ करा.” मग म्हणाला, “ताई, मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आत माणूस अडकला की घाबरतो, भिंतीवर हात मारतो. आपण बाहेरून एवढंच ओरडायचं, ‘आहे हो, मी इथे आहे!’ लगेच काही लिफ्ट सुरू होत नाही, पण आतला माणूस खाली बसतो. ही गेल्यावर या घरात माझं तसंच झालं होतं. चारला तुमची रिंग आली की मी खाली बसतो. तिच्या खुर्चीत.”

“आणि काय करता?”

“प्रार्थना मला येत नाही, खोटं कशाला बोलू. पण ती रोज मोठ्याने एक नाव घ्यायची, ते ऐकून ऐकून पाठ झालंय. मग मीही तेच घेतो. म्हणतो, ‘बाबा, हा बघ जरा.’” आणि त्याने ते नाव घेतलं. मावशीच्या लेकाचं.

नवरा गेल्यापासून ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून मावशीने ऐकलं नव्हतं. नणंदसुद्धा ‘तुझा लेक’ म्हणायची. ती खाटेवर तशीच पदर तोंडाशी धरून रडली, आणि पलीकडच्या म्हाताऱ्याने फोन ठेवला नाही. रडणं ऐकायची सवय असावी त्याला.

“ती तिचं ओझं कुणाला सांगायची, ते मला माहीत नाही,” तो जरा वेळाने म्हणाला. “पण ते ओझं म्हणजे कोण होतं, ते माहितीये. मीच! मला म्हणायची, ‘तुम्हाला मी पुढे देऊन टाकलंय.’”

मावशीला रडता रडता हसू आलं. मग तिने ते सांगितलं, जे लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं नव्हतं, पाळकांना सांगायचं नव्हतं, देवाला तर रागाने ऐकवलं होतं. “त्याला मुलगी झालीय.”

“अरे वा! नाव काय?”

“मला माहीत नाही.”

“मग मी काय म्हणू?”

मावशीने डोळे पुसले. “त्याची मुलगी म्हणा. त्याला कळेल.”

“कुणाला?”

“ज्याला आपण म्हणतो त्याला.”

“बरं,” म्हातारा म्हणाला. “आता ठेवा फोन. आणि बसा तुम्ही. आज उशीर झालाय खरा, पण मी वाट बघतो.”

मावशीने फोन ठेवला. राग गेला नव्हता. मुलगा काही आज जिन्यात येऊन उभा राहणार नव्हता, उद्याही नाही. खोली तेवढीच होती, खाट तेवढीच. ती बसली आणि म्हणाली, “प्रभू, मी भांडलेय तुझ्याशी. तू काही बोलला नाहीस. पण दोन वर्षं तू त्या म्हाताऱ्याला माझ्यासाठी खुर्चीत बसवून ठेवलंस, आणि मला पत्ता नाही. मग आणखी कायकाय केलं असशील, मला काय माहीत.” पुढे तिने लेकाचं नाव घेतलं, त्या बिननावाच्या मुलीला घेतलं, आणि आज पहिल्यांदा लिफ्टवाल्यालाही घेतलं. बाईंचं ओझं असं बेवारस कसं सोडायचं.

वेळ संपली तशी तिने हिरवं बटण दाबलं. ट्रिंग. लाल.

दिवा लावून तिने तो राखाडी कोट पुन्हा मांडीवर घेतला. कोपर निम्मं झालं असेल नसेल, तोच उशाजवळ फोन वाजला. ‘मास्तरीणबाई’, एकदाच. आणि थांबला. गवंडीकाका गेल्यापासून तिला कुणाची रिंग आली नव्हती.

तिने उचलला नाही.