न पाठवलेल्या कविता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? — खरंच माहीत नाही.

मी मराठीची शिक्षिका होते. सिंदी मेघेला आमच्या गल्लीत मार्था सिस्टर राहायच्या, रिटायर झालेल्या नर्स. एक दिवस त्या दोनशे पानी वही घेऊन आल्या. "मॅडम, जरा शुद्धलेखन पाहून देता काय?"

बायबलातल्या बायकांवरच्या कविता होत्या. मालकिणीनं लेकरासकट हाकललेली दासी हागार इथं आपल्या सेलूच्या बस स्टँडवर बसली होती, हातात पाण्याची अर्धी बाटली. आणि लोटाची बायको — जळतं गाव सोडताना मागे पाहू नका, असा देवाचा हुकूम होता. तिनं पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली. मी विचारलं, तिनं का पाहिलं असेल? सिस्टर म्हणाल्या, "काऊन म्हणजे? लग्न झालेल्या लेकी मांगंच राह्यल्या असतील तिच्या. तुम्ही नसतं पाह्यलं?"

मी गप्प झाले. वीस वर्षं मीही कविता लिहीत होते — पहाट, पाऊस, आठवणी. माझ्या एका तरी ओळीपाशी कुणी असं गप्प झालं होतं का?

ओळखीच्या संपादकांकडे पाठवते, असं मीच म्हणाले. सिस्टरांनी तसं काही मागितलं नव्हतं. तेव्हा माझ्या मनात खोट नव्हती — की होती? वही पाकिटात घातली, पत्ता लिहिला, पोस्टात रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला, आणि मी मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं. मग घरी आले.

दोन महिन्यांनी सिस्टरांनी विचारलं. मी म्हणाले, साभार परत आल्या. तिथं थांबता आलं असतं ना? नाही थांबले. यात कविताच नाही, असं संपादक म्हणतात — हे वाक्य मी जागच्या जागी घडवलं. शांतपणे, वर्गात बोलायचे त्याच आवाजात.

सिस्टर हातातल्या मेथीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. एवढ्या मोठ्या माणसानं वाचल्या तरी. मले तेवढंच पुष्कळ झालं. वही राहू द्या तुमच्याजवळच."

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. आठ वर्षं आम्ही रोज भेटत होतो — भाजी, गुडघेदुखी, नळाचं पाणी. एकदाही माझी जीभ उचलली नाही.

मागच्या वर्षी त्या गेल्या. प्रार्थना संपल्यावर त्यांची मुलगी माझ्याजवळ आली. "काकू, आई कविता लिहायची म्हणे. मले तर कधी दाखवल्याच नाईत. तुमच्याजवळ काही आहे काय?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. हो म्हणायला किती वेळ लागला असता? मी तिचा हात हातात घेतला — आणि म्हणाले, नाही गं.

सतरा कविता आहेत. मला सगळ्या पाठ आहेत.