तळाचा पत्रा

गाडीच्या तळाला गंजून पडलेलं भोक मी पुट्टीने बुजवलं आणि वर नवी मॅट अंथरली. आठवड्याभरात आईची काठी त्यातून थेट रस्त्याला टेकली.

माझे असले पराक्रम निस्तरणारा एक डेंटर फरीदाबादला आहे. त्याच्याकडे वेल्डिंग मशीन नाही; तो नवा पत्रा रिव्हेट मारून बसवतो. त्याआधी हातोडीने ठोकत, मान वाकडी करून ऐकतो. पोकळ आवाज आला की "ये भी गया" म्हणतो आणि तेवढा भाग कापून टाकतो. नाण्याएवढं भोक ताटाएवढं झालं, तसा मी घाबरलो.

"भैया, और कितना काटोगे?"

"गला हुआ लोहा रिवेट नहीं पकड़ता, साहब."

पत्रा बसला, कडेने सीलंट भरून झालं. हात पुसता पुसता त्याने विचारलं, "इस सीट पे कौन बैठता है?"

"माँ."

तो पुन्हा गाडीत वाकला आणि पहिल्या ओळीच्या आतून रिव्हेटची दुसरी ओळ मारू लागला.

मी अवघडून विचारलं, "एक लाइन कमज़ोर थी क्या?"

"नहीं. आप बैठते तो एक ही काफ़ी थी."